चादरीचं दिवाळी कॅम्पेन : ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५, कामाच्या नोंदी

आम्ही सोलापुरात सहा जण मिळून डिजिटल एजन्सी चालवतो. माझ्या कार्डावर क्रिएटिव्ह डायरेक्टर असं छापलंय. प्रत्यक्षात स्क्रिप्ट लिहिणं, डिझायनरच्या डोक्यावर बसणं, क्लायंटचा राग झेलणं आणि शूटच्या दिवशी चहा किती सांगायचे ते मोजणं, एवढं सगळं त्या एका पदात येतं. मुंबईत नऊ वर्षं हेच काम केलं, तेव्हा चहा दुसरं कुणीतरी मोजायचं. आपल्या गावात राहून असलं काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. क्लायंटचं नाव नाही, आकडे आमच्या वहीतले आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी राखी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला होता. पूर्व भाग, म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती, आज कुठे जागा होतोय, तरी मीटिंग झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलचा कारखाना, तिसरी पिढी. धाकटे मालक मला मॅडम म्हणतात, मी त्यांना शेठ. त्यांच्या वडिलांना सगळा कारखाना अप्पा म्हणतो, मग मीही अप्पाच.

पहिली दहा मिनिटं नेहमीच्या गोंधळात गेली. "डिजिटल" म्हटलं की आपल्याकडे चौकातला फ्लेक्स डोळ्यासमोर येतो. अप्पांनी विचारलं, "डिजिटल किती बाय किती फुटाचं करणार?" मी म्हटलं, मोबाईलएवढं. ते मुलाकडे बघायला लागले.

काम असं: दिवाळीच्या आधी स्वतःच्या वेबसाईटवरून चादरी विकायच्या. अप्पांचं दुखणं वेगळं. बाहेरून येणारा, बहुतेक पानिपतचा माल "सोलापुरी" म्हणून विकला जातो, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं असूनही. "ते लोकांना कळू दे," असं त्यांचं म्हणणं. शेठचं म्हणणं, "ऑर्डर येऊ दे." मी दोन्हीला मान हलवली.

बजेट ३,२०,००० रुपये अधिक जीएसटी. त्यात जाहिराती चालवायला १,६०,०००, शूट-एडिट-आवाज वगैरे ९५,०००, आमची फी ६५,०००.

पहिली चूक इथेच झाली. ब्रीफ, म्हणजे काय करायचं आणि कुणासाठी याची मागणी, लिहून घेतलं नाही. शेठनी सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली आणि मी तिलाच ब्रीफ मानलं. त्यात रंग, भाव, दिवाळी, पानिपत सगळं होतं. कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाला विकायचं, हे नव्हतं. मी विचारलंही नाही.

१४ ऑगस्ट

कारखाना बघायला गेले. ऑफिसात बसून स्क्रिप्ट लिहायची नाही, एवढा एक नियम मी पाळते. शेडमध्ये शिरलं की पहिली पाच मिनिटं माणूस बहिरा होतो. तिथली माणसं ओठ वाचून बोलतात.

जॉबरनी, म्हणजे मागांची देखरेख करणाऱ्यांनी, एक चादर माझ्या हातात दिली नि म्हणाले, "उलटी करून बघा." उलटी केली. इकडे पांढऱ्यावर लाल मोर, तिकडे लालवर पांढरा मोर. पुन्हा उलटी केली. या चादरीला उलटी बाजूच नाही. दोन थर एकाच वेळी विणले जातात, नक्षीच्या ठिकाणी ते एकमेकांची जागा घेतात, म्हणून इकडचा रंग तिकडे जातो. छापील चादर पालथी केली की मागे फिकट डाग दिसतात, हिच्या मागे दुसरी चादरच असते. लहानपणापासून हीच चादर पांघरलेय, पण हे कधी निरखून बघितलं नव्हतं.

ओळ तिथेच सुचली: दोन्ही बाजूंनी खरी. रिक्षात बसून मोबाईलवर लिहून ठेवली. पुढच्या अडीच महिन्यांत तिच्यातला एक शब्दही बदलला नाही. बाकी जवळजवळ सगळं बदललं.

१९ ऑगस्ट

प्रेझेंटेशन. ३८ स्लाईड. मुंबईची सवय जात नाही. अप्पा तिसऱ्या स्लाईडवर थांबले आणि पुढे गेलेच नाहीत.

त्या स्लाईडवर आम्ही एआयकडून काढून घेतलेलं चित्र होतं. पलंग, खिडकी, कोवळं ऊन आणि मोराची चादर. दोन दिवस डिझायनर त्यावर बसला होता. अप्पांनी जॉबरना बोलावलं. त्यांनी स्क्रीनच्या जवळ नाक नेलं आणि म्हणाले, "ह्यो मोर मागावर निघंना मॅडम." मोराची मान गुळगुळीत वळली होती. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, वळण पायऱ्या-पायऱ्यांनीच निघतं, धाग्यागणिक एक पायरी, चौकटीच्या वहीवर काढल्यासारखं. ते त्यांनी बोटानं टेबलावर काढून दाखवलं: एक वर, दोन बाजूला, एक वर, दोन बाजूला.

बनावट मालाविरुद्धच्या कॅम्पेनमध्ये आम्ही बनावट चादर घेऊन गेलो होतो. चेष्टा करण्याची संधी होती, पण त्या खोलीत कुणी केली नाही. ते जास्त लागलं. त्या दिवसापासून नियम: वस्तूचं चित्र एआयकडून काढायचं नाही. पलंग काढा, खिडकी काढा, चादर फोटोतलीच.

२३ ऑगस्ट, शनिवार. शूट

कॅमेरामन, सहायक, भाड्याचा कॅमेरा, दोन लाईट, टेम्पो. सकाळी आठची वेळ. माणसं अकराला आली, कारण त्या दिवशी त्या भागात पाणी होतं. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं तिथे पाण्याचा दिवस सोडून कुणी तुमच्यासाठी साडी नेसून उभं राहणार नाही. शूटची तारीख ठरवताना कॅलेंडर बघितलं, पंचांग बघितलं, पाण्याचा वार विचारला नाही. मी याच गावची, मला तरी कळायला हवं होतं. तीन तास गेले, भाडं चालू.

आवाजाचं मात्र जमलं. शेडमध्ये कॉलर माईकवर नुसता खडखडाट येत होता. ऑफिसात बोलावलं तर भिंती घुमतात. शेवटी टॉवेलच्या गोडाऊनमध्ये गेलो. तिन्ही बाजूंनी छतापर्यंत टेरी टॉवेलचे गठ्ठे, मधे स्टूल. आवाज असा बसला की एडिटर म्हणाला, स्टुडिओचे पैसे वाचले. टॉवेल घुमणारा आवाज पिऊन टाकतो. पुढची सगळी रेकॉर्डिंग आम्ही तिथेच केली. गोडाऊनवाल्या काकांनी दर वेळी बाहेर पाटी लावली: "आत बोलू नका, बोलणे चालू आहे."

२५ ऑगस्ट

एडिटरचा फोन. शेडमधले सगळे स्लो मोशन शॉट लुकलुकतायत.

कारण साधं आहे आणि मला माहीत होतं, म्हणून जास्त राग आला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. रीलसाठी छान दिसतं म्हणून आम्ही सेकंदाला ६० फ्रेमवर शूट केलं, शटर १२० वर, म्हणजे सेकंदाच्या एकशेविसाव्या भागावर. ट्यूबच्या तालात ते बसत नाही. २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर ५० किंवा १०० ठेवलं असतं तर काही झालं नसतं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसलं नाही आणि लॅपटॉपला जोडून बघायचा कंटाळा केला.

सॉफ्टवेअरने लुकलुक काढून बघितली. धाग्यांवर डाग पडले. पुन्हा शूट करायचं ठरलं. गणपती मधे आले, म्हणून थेट १ सप्टेंबर. १४,५०० रुपये आमच्या खिशातून, कारण चूक आमची. शेठना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मागावर धागा तुटला तर आम्हीपण गिऱ्हाईकाकडून पैसे घेत नाही."

१ सप्टेंबर

रीशूट झालं. पाण्याचा वार विचारून घेतला होता.

५ सप्टेंबर

आजचा दिवस अक्षरांत गेला. व्हिडिओवर मराठी मजकूर चढवणारा मुलगा नवा आहे, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची जुळणी चालू केलेली नव्हती. "दोन्ही"चं "दोन् ही" झालं, "विणलेली"मधली पहिली वेलांटी व सोडून ण वर बसली. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडून सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं की प्रश्न संपतो. पाच मिनिटांचं काम, पण माहीत नसेल तर मुलं एकेक वेलांटी हाताने ओढत बसतात. तो दीड दिवस ओढत बसला होता.

मग ल. बऱ्याच देवनागरी फॉण्टमध्ये ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपं आधी येतात. मराठी रूपं त्याच फॉण्टच्या पोटात असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. "सोलापूर" हा शब्द चौदा क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे तयार जाहिरातींत, चौदा वेळा हिंदी ल घेऊन उभा होता. टीमला वाटलं मी उगाच खुसपट काढतेय. ज्या जाहिरातीत "खरी" हा शब्द आहे तिच्यात गावाचं नाव परक्या वळणाचं? बदलायला लावलं. दोन तास.

कारखान्याच्या जुन्या लेबलचा मजकूर हवा होता. तो जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये, युनिकोडच्या आधीचा. कॉपी-पेस्ट केलं तर नुसती चिन्हांची रांगोळी. समोर लेबल ठेवून पुन्हा टाईप केला.

आणि एक. परवा, ३ तारखेला जीएसटी काउन्सिलचा निर्णय आला. तयार कापडी मालावर आतापर्यंत हजारापर्यंत ५ टक्के आणि वर १२ होते, २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंत ५. आमच्या मोठ्या चादरीची किंमत १,२९९, करासकट. नव्या हिशेबाने १,२१८. किंमत चौदाही क्रिएटिव्हमध्ये चित्रातच कोरलेली. चार व्हिडिओत तर ती हलते, फिरते, चमकते. चमकवायची कल्पना माझीच. आता किंमत चित्रात नाही, खालच्या मजकुरात. तसंही रीलच्या तळाशी जे लिहाल ते बटणांखाली झाकलं जातं.

९ सप्टेंबर

सोलापूर चार भाषांचं गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी. मुंबईत असताना मी हे मोठ्या अभिमानाने सांगायचे. तेव्हा कॅम्पेन एकाच भाषेत कसं करणार? मुख्य ओळीची तेलुगू आवृत्ती हैदराबादच्या एका फ्रीलान्सर बाईंकडून करून घेतली होती, आवाजासकट ६,००० रुपये. आज ती कारखान्यात ऐकवली.

कडा शिवणाऱ्या मावश्या हसायला लागल्या. एकजण तर मशीन थांबवून हसली. बाईंनी चादरीला "दुप्पटी" म्हटलं होतं. मावशी म्हणाल्या, "अगं, ती पेपरातली भाषा. आमच्यात चेद्दर म्हणतात." दुसरीने ओळ स्वतःच्या बोलीत म्हणून दाखवली, अर्ध्या शब्दांत मराठी मिसळलेली, आणि सगळ्यांनी मान डोलावली. अप्पाही हसले, पहिल्यांदाच. मला वाटलं, सापडलं.

तिथल्या तिथे ठरवलं, मावशींचाच आवाज घ्यायचा. पैशांचं बोलले तर म्हणाल्या, "बोलायचे कसले पैसे?" मी १,५०० सांगितले, त्यांनी मशीनवरच्या बाईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग तिचेपण द्या, ओळ तिची हाय." बरोबर होतं. दोघींचे ३,००० दिले. गोडाऊनमध्ये रेकॉर्ड केलं. दखनीतली ओळ टेम्पोवाल्या चाचांनी दिली: "इधर से देखो, उधर से देखो, एकीच चादर." कानडीला वेळ मिळाला नाही.

हैदराबादच्या बाईंना "थोडं फॉर्मल वाटलं" एवढाच मेसेज टाकला. त्यांनी "ओके" लिहिलं.

१५ सप्टेंबर

मंजुरीचा दिवस. फाईलचं नाव "फायनल_फायनल_७_अप्पा_ओके".

संगीताचा घोळ. एडिटरने चालू ट्रेंडचं गाणं लावलं होतं. स्वतःच्या खात्यावर ते चालतं, धंद्याच्या खात्यावर परवानगीशिवाय नाही, जाहिरातीत तर नाहीच. मी म्हटलं, गाणं कशाला, मागाचाच ताल घेऊ, खटाक-खट, खटाक-खट. ऑफिसच्या स्पीकरवर अंगावर काटा आला. मोबाईलवर ऐकलं तर पत्र्यावर कुणी बादली आपटतंय असं वाटलं. मोबाईलच्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत. शेवटी प्लॅटफॉर्मच्याच मोफत संग्रहातला तबला लावला. कुणाच्या लक्षातही आला नाही. बरंच झालं.

याच दिवशी पुढच्या महिनाभराच्या सगळ्या पोस्ट शेड्यूल केल्या. एकतीस पोस्ट, एका बैठकीत, एसीत बसून. एकेक वाचून मी "ओके, पुढे, ओके, पुढे" म्हणत गेले.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

जाहिराती सुरू. नवी किंमत लागू. पाऊस थांबत नाही.

२४ सप्टेंबर

सकाळी साडेसातला आमची एक शेड्यूल केलेली पोस्ट गेली. त्यातला मजकूर: "बाहेर धो धो पाऊस. आत चादर, चहा आणि तू."

सीना नदीला महापूर आलेला. माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं पाण्यात. लांबोटीजवळ पुणे रस्ता बंद. माणसं पत्र्यावर बसलीयत, जनावरं वाहून गेलीयत, आणि आमचं पान सांगतंय, आत चादर, चहा आणि तू.

सात-पन्नासला एडिटरचा फोन आला. "मॅडम, आपली पोस्ट बघितली का?" मी म्हटलं, "काढली का?" तो म्हणाला, "काढतोय, इथं नेट नाही, तुम्ही काढा." तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त पोस्ट होती. लॅपटॉप उघडता उघडता आठवलं की तो मोहोळकडचा, त्याचं गाव नदीकाठी. विचारलं, घरी कसं आहे? म्हणाला, "आईला आणि बहिणीला शाळेत हलवलंय. घरात छातीपर्यंत पाणी आहे."

तो शाळेच्या गच्चीवरून बोलत होता. त्याला पोस्टची आठवण होती. मला त्याच्या गावाची नव्हती. हे इथे लिहायचं की नाही यावर बराच विचार केला.

पोस्ट आठ-दहाला निघाली. चाळीस मिनिटांत सतरा कमेंट. सगळ्या सोलापूर जिल्ह्यातल्या, एकही शिवी नाही. एकाने फक्त स्वतःच्या घराचा फोटो टाकला होता, खिडकीच्या वरच्या गजापर्यंत पाणी. ती पोस्ट लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतली बाल्कनी होती. वाचणारं माणूस मात्र नदीच्या काठावर होतं.

माफी मागायची की गप्प बसायचं? शेठना वाटलं, गप्प बसू. मी दोन वाक्यांची माफी लिहिली, कारण नाही, स्पष्टीकरण नाही, चूक आमच्या एजन्सीची असं लिहून. टाकली. सगळ्या जाहिराती बंद केल्या, उरलेल्या शेड्यूल पोस्ट काढून टाकल्या.

२५ सप्टेंबर

शेठनी चारशे चादरी टेम्पोत भरल्या. फोन आला, "मॅडम, कॅमेरामन पाठवा." मी नाही म्हटलं. ते चिडले. "कालची घाण धुवायची संधी आहे, आणि तुम्हीच नाही म्हणता? मग तुमचं काम काय?" त्यांचं चूक होतं असंही नाही. मदत दाखवली तर आणखी मदत येते, हे मी स्वतः दुसऱ्या क्लायंटना सांगितलंय. माझ्याकडे मुद्दा असा नव्हताच. फक्त कालच्या फोननंतर पूरग्रस्त बाईच्या हातात चादर देतानाचा शॉट कसा लावायचा, हे मला सांगता येत नव्हतं.

वाद अप्पांपर्यंत गेला. ते म्हणाले, "चादर दिली ती दिली. तिचं डिजिटल लावायचं नाही." विषय संपला. शेठनी स्वतःच्या स्टेटसला टेम्पोचा फोटो ठेवला, तो त्यांचा हक्क.

एडिटरला सुट्टी. त्याचं काम मी केलं, हळू आणि वाईट.

३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज जाहिराती पुन्हा सुरू केल्या. नऊ दिवस गेले. त्यात मी आणखी एक गोष्ट बिघडवली. पावसाचा शॉट असलेली जाहिरात काढून दोन नव्या, चालू अ‍ॅड सेटमध्येच (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटातच) घातल्या आणि बजेट दुप्पट केलं. असे मोठे बदल केले की अ‍ॅड सेट जाहिरात कुणाला दाखवायची हे पुन्हा शिकण्याच्या टप्प्यात जातो. आठवड्यात साधारण पन्नास ऑर्डरी मिळेपर्यंत तो चाचपडत राहतो. दिवाळी अठरा दिवसांवर. नव्या जाहिराती वेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये घालायच्या, जुन्याला हात लावायचा नाही, हे मी मुलांना शिकवते. घाई झाली की शिकवलेलं आधी विसरतं.

पुण्याच्या इन्फ्लुएन्सरचं पार्सल रस्ता बंद असल्याने उशिरा पोचलं. तिने व्हिडिओ केला, छान केला, पण "पेड पार्टनरशिप" लावलं नाही. पैसे देऊन करून घेतलंय तर ते लिहावंच लागतं, एएससीआयचे, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या स्वनियमन संस्थेचे, नियम तसे आहेत. तिला लावायला सांगितलं. "रीच कमी होते दीदी." होऊ दे म्हटलं.

९ ऑक्टोबर

आकडे बघत बसले. मराठी ठीक चाललीय, पुणे-मुंबईतून ऑर्डर येतायत. तेलुगू आवृत्ती सपाट. दोन भाग केले होते: एक सोलापूर शहर, एक हैदराबाद.

सोलापूरची तेलुगू जाहिरात पाच हजारांवर माणसांनी शेवटपर्यंत बघितली, नऊशेंनी पुढे पाठवली. ऑर्डर चार. अप्पांना सांगितलं तर ते मोठ्याने हसले. "मॅडम, चादर विणणाऱ्याच्या घरी चादर विकत कोण घेतंय?" पूर्व भागात ज्याच्या त्याच्या घरी कुणीतरी मागावर आहे, चादर घरात येतेच. मी त्यांना त्यांचीच चादर विकत होते आणि ते कौतुकाने बघत होते.

हैदराबादेत उलट. तिथे मावशींची ओळ लोकांना कळलीच नाही. एका कमेंटचा अर्थ अप्पांनी सांगितला: "ही कुठली तेलुगू?" मावशी ज्या शब्दाला हसल्या, "दुप्पटी", तोच तिथल्या गिऱ्हाइकाचा शब्द. फ्रीलान्सर बाईंनी गिऱ्हाइकासाठी लिहिलं होतं. मी ते कारखान्यातल्या माणसांना ऐकवून नापास केलं. ११ ऑगस्टला जो प्रश्न विचारला नाही त्याचं बिल आज आलं.

११ ऑक्टोबर

हैदराबादसाठी बाईंचा मूळ आवाज परत लावला, या वेळी वेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये. त्यांना फोन केला, मेसेज नाही. चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची बाई काय म्हणते ते ऐकवा ना." ऐकवलं. बराच वेळ हसल्या. त्यांची आजी असंच बोलायची म्हणे.

मावशींची आवृत्ती काढली नाही. सोलापूरच्या पानावर ठेवली, पैसे न लावता. मावशींना याचं काहीच वाटलं नाही, त्यांना भाचीनं मोबाईलवर दाखवली तेवढं पुरलं.

१७ ऑक्टोबर

दिवाळीआधी पोचेल अशी हमी देऊन घेतलेल्या ऑर्डरींचा शेवटचा दिवस. शेवटच्या सहा दिवसांत हैदराबादहून ६३ ऑर्डर. तोपर्यंतच्या तीन आठवड्यांत ११ होत्या. सर्वात जास्त चाललेली जाहिरात कुठली, तर चादरीचा कोपरा दुमडलेला एक फोटो, दोन्ही रंग दिसणारा, खाली ओळ. शूटच्या दिवशी कॅमेरामन जेवायला गेला होता तेव्हा डिझायनरने लाईट तपासायला काढलेला.

३० ऑक्टोबर. हिशेब

एकूण ऑर्डर ५८३. त्यातल्या ३४१ माल आल्यावर पैसे देणाऱ्या, त्यांपैकी ८८ परत आल्या. एकाने "बायकोने रंग नको म्हटलं" असं लिहिलं, त्याला पालथी करून बघा म्हणून कळवायचं राहिलं.

जाहिरातींचे १,६०,०००. त्यातले १८ टक्के जीएसटीचे वजा जाता खरोखर १,३५,५९३ रुपयांच्याच जाहिराती चालल्या. हे शेठना आधी सांगितलं नव्हतं, ते आज ऐकून घ्यावं लागलं. शिवाय जाहिरातीच्या खात्यात त्यांचा जीएसटी नंबर भरायचा राहिला होता, ३ ऑक्टोबरला भरला. आधीच्या बिलांवरचं क्रेडिट घेताना त्यांच्या सीएने मला फोन करून जे सुनावलं ते लिहीत नाही. दर ऑर्डरला साधारण २३३ रुपये, परत आलेल्या वगळल्या तर २७४.

आमची फी ६५,०००. त्यातून रीशूट १४,५००, अक्षरं आणि किंमत बदलायला बाहेरून घेतलेला मुलगा ९,०००, मावशींचे ३,००० (हे बजेटात नव्हते, क्लायंटकडे मागितले नाहीत). राहिले ३८,५००, पगार धरायच्या आधी.

एडिटर १० तारखेपासून कामावर आहे. घरातला गाळ निघाला, भिंती अजून ओल्या. त्याने येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेड्यूलची पद्धत बदलली. आता तीन दिवसांपुढची पोस्ट लावायची नाही आणि रोज सकाळी सातला एकाने पावसाची, बातम्यांची आणि त्या दिवशीच्या पोस्टची खात्री करून ग्रुपवर "बघितलं" असं लिहायचं. या आठवड्यात माझी पाळी आहे.

हैदराबादच्या बाईंनी दुसऱ्यांदा वापरलेल्या आवाजाचे पैसे घेतले नाहीत, चादर मागितली. लाल-पांढरा मोर. आज पार्सल गेलं. पावतीवर वस्तूच्या रकान्यात डिझायनरने "दुप्पटी" लिहिलं, कुरियरवाल्याने ते खोडून "चादर" केलं.